लिफ्टमधली काकू आणि चॅटवरची नेहाताई

निवृत्त मास्तरणीने भजनी मंडळात जावं अशी मुलुंडची रीत आहे. मीही गेले. दोन महिन्यांत मी तिथल्या अध्यक्षीणबाईंना चारचौघींत त्यांच्या चुका दाखवल्या आणि त्यांनी मला दार दाखवलं. मग मी काय करावं? तरुण मुलांची मनं जपण्याच्या कामाला लागले! जिला सात बायकांशी धड जमवून घेता आलं नाही, तिने! पण संस्थेला मराठीतून नीट लिहिणारं माणूस हवं होतं आणि मला ऐकून घेणारं. त्यामुळे दोघांचं भागलं. सहा वर्षं भागलं.

काम काय ते आधी सांगते, कारण आमच्या सोसायटीत अजून निम्म्या लोकांची समजूत आहे की मी घरी टायपिंगची कामं घेते. ती समजूत मीच करून दिली होती, कारण आपण काय करतो ते बाहेर बोलायचं नाही असा संस्थेचा नियम होता. तर, मोबाईलवर एक लिंक असते. मुलाने किंवा मुलीने ती उघडायची, मनाला येईल ते नाव घ्यायचं आणि लिहायला लागायचं. समोर माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं, ते लिहून उत्तर देतं. फोन नाही, आवाज नाही, चेहरा नाही. लोक विचारतात, "असं लिहून कुठे मन मोकळं होतं का हो?" अहो, आमची घरं बघा ना! वन रूम किचनमध्ये चार माणसं आणि एक टीव्ही. तिथे पोराने फोनवर "मला रडू येतंय" म्हटलं तर तीन बाजूंनी "काय झालं रे?" येणार आणि चौथा टीव्हीचा आवाज वाढवणार. लिहायचं असेल तर मात्र आईच्या समोर बसून, आईबद्दलच, खुशाल लिहिता येतं.

दुपारी दोन ते रात्री आठ अशी आमची वेळ. आठवड्यातले तीन दिवस घाटकोपरच्या ऑफिसात, दोन दिवस घरून. एका वेळी दोनच चॅट घ्यायचे. माझं कामावरचं नाव नेहा. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली नेहा. आमची सुपरवायझर रुही, वय वर्षं अठ्ठावीस, मानसशास्त्र शिकलेली. माझ्या शाळेत असती तर मी तिला वर्गाची मॉनिटरही केलं नसतं, इतकी हळू बोलायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "शुभदाताई, सल्ला द्यायचा नाही."

"मग काय द्यायचं?"

"जागा."

घ्या! मुंबईत जागा द्यायला निघालीय पोरगी.

पण तिचं खरं होतं. मूल लिहितं, "मी नापास झालो." माझ्या बोटांवर लगेच "अभ्यास केला नसशील" येतं. ते गिळायचं. "खूप ओझं वाटत असेल ना?" असं विचारायचं आणि थांबायचं. तीन ओळींच्या वर लिहायचं नाही. "आमच्या वेळी" हे दोन शब्द तर चुकूनसुद्धा नाही. ते मी चिठ्ठीवर लिहून, त्यावर फुली मारून लॅपटॉपच्या कडेला चिकटवले होते. आणि एक प्रश्न मात्र अजिबात न घाबरता विचारायचा: "जगणं नकोसं वाटतं का?" मला आधी वाटायचं, विचारून उगाच आपणच त्यांच्या डोक्यात भरवू. तसं होत नाही. विचारलं की पोरं उलट सुटल्यासारखी बोलायला लागतात, कारण तोवर त्यांना ते कुणी विचारलेलंच नसतं.

गिऱ्हाइकं एकेक नामी. एक पोरगा आला, तो पंधरा मिनिटं एकच विचारत होता, "तू बॉट आहेस का?" नाही म्हटलं तर म्हणे सिद्ध कर. शेवटी वैतागून मी लिहिलं, "माझे गुडघे दुखतायत." तो म्हणाला, "ओके. बॉटला गुडघे नसतात," आणि मग त्याने जे सांगायला सुरुवात केली ते वाचून मला पाणी प्यायला उठावं लागलं. दुसरा एक आला, नाव 'कूलबॉय', वय सोळा. लिहितो, "माझे वडील माझ्यासाठी अहोरात्र कष्ट घेत असून मी मात्र मोबाईलमध्ये वेळ दवडतो. कृपया मला समज द्यावी." सोळाव्या वर्षी 'दवडतो'! मी विचारलं, "तुमचा मुलगा कितवीत आहे?" मग आलं, "दहावीत. तुम्हाला कसं कळलं?" त्या बापाशी मी नियम मोडून वीस मिनिटं बोलले. त्याच्याशी मुलगा चार महिने बोलत नव्हता हो.

असं सगळं झकास चाललेलं असताना मला जे व्हायचं ते झालं. म्हणजे मी शेफारले. कुणी दोन ओळी लिहिल्या की मला त्याच्या घरातलं सगळं दिसतं, असं मला वाटायला लागलं. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, संस्थेचं पत्रक मीच नेऊन लावलं. लिंक स्कॅन करायचा चौकोन आणि खाली 'तुमचं ऐकणारं कुणीतरी आहे'. म्हटलं, पोरांचं भलं होईल. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय!

एका मंगळवारी 'ब्लँक' नावाची मुलगी आली. वय सतरा. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावलेला, आणि तीन आठवडे ती क्लासला गेलेलीच नव्हती. रोज सकाळी पाठीला बॅग लावून, डबा घेऊन निघायची, कुठेतरी बसून राहायची आणि क्लास सुटायच्या वेळेला घरी जायची. "वर्गात बसलं की श्वास अडकतो," म्हणाली. बाबा नोकरीला परगावी, शनिवार-रविवार येणार. आई ऑफिसला. आईने म्हणे तिच्या जन्मापासून ठरवलंय की ही डॉक्टर होणार. मी तो प्रश्न विचारला. तिने लिहिलं, "कधी कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये. आज नाही." मी सगळं रीतसर केलं: रुहीला कळवलं, तसं वाटलं तर काय करायचं, कुणाला गाठायचं ते ब्लँकशी ठरवून घेतलं, उद्या परत ये म्हटलं. ती आली. बुधवारी आली, आणि गुरुवारी साडेतीनला पुन्हा.

गुरुवारी मी घरून काम करत होते. ब्लँक त्या दिवशी घाबरलेली होती. आईची भीती आहे का, विचारलं. "आईची नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहे."

मी म्हटलं, सांग.

"लिफ्टमध्ये भेटली की मार्क विचारते. आमची लिफ्ट स्लो आहे. चार मजल्यांत ती तीन विषयांचे मार्क काढून घेते. आम्ही सगळे तिला सीसीटीव्ही म्हणतो."

मला इतका राग आला त्या बाईचा! असतात ना अशा बायका. मी लिहिलं, "कुणी सतत नजर ठेवून असेल तर गुदमरायला होतं ना?" इथवर नियमात होतं. पण माझी जित्याची खोड. मी पुढे लिहिलं, "काही लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय जेवण जात नाही." तिकडून हसण्याची खूण आली. तीन दिवसांतली पहिली. मी खुर्चीत मागे टेकून स्वतःवर खूश झाले.

मग तिने लिहिलं, "आज सकाळी तिने मला बागेत बाकावर बघितलं. हातात हा एवढा दुधी होता तिच्या. मला लांबून हाक मारली. मी पळाले."

माझ्या ओट्यावर दुधी होता.

मी उठले, जाऊन तो दुधी बघून आले. कशासाठी, देव जाणे. दुधी आपला पडला होता. सकाळी साडेदहाला भाजी घेऊन बागेतून येताना मी सहाव्या मजल्यावरच्या तन्वीला पाहिलं होतं. नाव अर्थात बदललंय, मजलाही. हाक मारली, तर पोरगी बॅग उचलून पसार. आणि घरी येऊन, चप्पल काढायच्या आधी, मी तिच्या आईला, वर्षाला, व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं: "वर्षा, तन्वीला आत्ता बागेत एकटीच बसलेली पाहिलं. क्लास बंद आहे का? सहज विचारलं हं." खाली हात जोडल्याची खूण. सहज! माझ्यासारख्या बायका जगात काहीही सहज विचारत नाहीत.

चॅटमध्ये पुढची ओळ येऊन पडली होती. "ती आईला सांगणार. तिच्या पोटात काही राहत नाही. आईला कळलं तर मी घरी जाणार नाही. कुठे जाईन माहीत नाही. आज ते परवाचं पण वाटतंय, झोपायचं."

खोटं कशाला सांगू? तीस वर्षं मुलांना 'घाबरायचं नाही' म्हणणारी मी, मला एक शब्द धड टाइप होईना. "मी इथेच आहे," एवढं लिहिलं आणि रुहीला फोन लावला.

"रुही, मी तिला ओळखते. माझ्याच बिल्डिंगमधली आहे."

"मग चॅट मला द्या, ताई. आत्ता."

"अगं दोन मिनिटं, मी तिला जरा…"

"दोन मिनिटं नाही. आणि बाहेर काहीही करायचं नाही. तिच्या घरी जायचं नाही, फोन नाही, मेसेज नाही. जे करायचं ते मी तिला सांगून, तिच्याबरोबर करीन."

मेसेज आधीच गेलाय, हे मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली. लोकांच्या पोरांना 'लाज वाटण्यासारखं काही नाही' असं दिवसातून दहा वेळा लिहिणारी बाई मी. आमच्या नियमाप्रमाणे ब्लँकला लिहिलं, "यापुढे रुहीताई तुझ्याशी बोलतील. आमचा तसा नियम आहे. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस."

तिने लिहिलं, "तुम्ही पण चाललात?"

त्याला काही उत्तर द्यायच्या आत चॅटची खिडकी माझ्याकडून गेली. मग मी मोबाईल उचलला. वर्षाला पाठवलेल्या मेसेजसमोर दोन टिका होत्या, पण करड्या, निळ्या नाहीत. म्हणजे तिने वाचलेला नाही. वर्षाचं ऑफिस अंधेरीला, कामात असते तेव्हा फोन बघत नाही. मी तो मेसेज दोघींकडून उडवला. तिथे 'मेसेज काढून टाकला आहे' अशी पाटी तेवढी राहिली. विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवलं: सुविचार दोनदा गेला होता. रुहीने 'काही करू नका' म्हटल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती.

नंतर मी गॅलरीत उभी. रुहीकडून निरोप नाही, आणि येणारही नव्हता. चॅट हातून गेला की त्यातलं काही कळवत नाहीत. साडेचार झाले, पाच झाले. मी देवाला काय काय बोलले असेन! म्हटलं, एवढी पोरगी धड घरी येऊ दे, मी पुन्हा कुणाचे मार्क विचारणार नाही. देवसुद्धा हसला असेल. सहाच्या सुमाराला तन्वी गेटमधून आत आली. मान खाली, पण आली. दहा मिनिटांनी मागून वर्षा, रोजच्यापेक्षा तासभर लवकर. डोकं दुखत असेल म्हटलं. लिफ्टचं दार वर सहाव्याला उघडल्याचं ऐकलं आणि मी तिथेच गॅलरीत खाली बसले. वरून भांडणाचा आवाज आला नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सहाव्यावर कढईत डाव आपटला तरी चौथ्यावर कळतं, म्हणून सांगते.

रुहीने फक्त एकच कळवलं: "ती सुरक्षित आहे." दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन तिला मेसेजचं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. म्हणाली, "ताई, तुम्हाला मदत करायची घाई होते." मग तीन महिने मला चॅट दिले नाहीत. मी जुने चॅट वाचायचे, आपण कुठे कुठे मधे पडलो ते खुणा करून काढायचे. माझ्या एकेका चॅटमध्ये इतक्या खुणा निघाल्या की दहावीच्या पेपरांत मी तेवढी लाल शाई वापरली नसेल.

वर्षाने त्या पाटीबद्दल कधीच विचारलं नाही. भेटली की हसायची, "कशा आहात?" म्हणायची. मी मनात म्हणायचे, भोळी आहे बिचारी, तिच्या लक्षातही आलं नाही. तन्वीने तो क्लास सोडल्याचं मला वॉचमनकडून कळलं. मी त्याला काही विचारलं नव्हतं. तो आपणहून बोलला. महिन्याभराने ती मला लिफ्टमध्ये भेटली. मी दाराच्या वरचे आकडे बघत उभी राहिले. तोंड बंद ठेवून चार मजले चढणं म्हणजे काय असतं ते माझं मला माहीत. तिसऱ्याला ती म्हणाली, "काकू, थँक्यू. तुम्ही मला बागेत बघितलं होतं ना? आईला सांगितलं नाहीत."

मी "बरं," म्हटलं आणि चौथा आल्यावर उतरले. घरी येऊन रडले. चोरी करून वर हार घालून घ्यावा, तशी गत.

ते 'थँक्यू' मी तीन वर्षं सांभाळलं. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं. मी बाकीचं सगळं लिहून काढलं आणि हे लिहायला बसले तेव्हा कळलं की तिला विचारल्याशिवाय हे छापायचं नाही, आणि विचारायचं तर सगळं सांगावं लागणार. रुहीला फोन केला. मी आता तिथे काम करत नाही, तरी केला. ती म्हणाली, "सांगायचं की नाही ते तुमचं ओझं हलकं व्हावं म्हणून ठरवू नका, ताई. आणि ती नको म्हणाली तर कागद फाडा."

तन्वी आता विशीची आहे, भूगोल घेऊन बी. ए. करतेय, डोंगर चढते, रंगाने काळवंडलीय. तिला घरी बोलावलं. हे कागद तिच्या हातात दिले आणि मी निकालाला बसल्यासारखी समोर बसले. 'कूलबॉय'पाशी ती खो खो हसली. दुधीपाशी थांबली. कागद खाली ठेवला.

"नेहाताई तुम्ही?"

"हो गं."

"मी दोन महिने रुहीताईला विचारत होते, नेहाताई कुठे गेल्या म्हणून. मला वाटलं, मी झोपायचं वगैरे बोलले म्हणून घाबरून गेल्या."

ती रागावली होती. रागावणारच. मी सॉरी म्हटलं. त्यापुढे पाच वाक्यं तोंडात तयार होती, ती गिळली. तिने पुन्हा कागद उचलला आणि शेवटपर्यंत वाचला.

"पण काकू, एक चुकलंय तुमचं. आईने तो मेसेज वाचला होता."

"कसा वाचेल? टिका निळ्या नव्हत्या."

"उघडला नव्हता. वर पट्टीवर येतो ना, तिथे वाचला. जेवणाच्या सुट्टीत. मला पण गेल्या वर्षी सांगितलं तिने." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "हाफ डे टाकून तशीच निघाली. बागेत आली. मी परत येऊन त्याच बाकावर बसले होते, मोबाईलवर टाइप करत होते. रडत होते, मधेच हसले पण, म्हणे. आई गेटच्या बाहेर उभी राहिली. दीड-दोन तास. मी उठले तशी माझ्या मागून, लांबून, घरापर्यंत आली. मग दहा मिनिटं खाली थांबून वर आली. मला वाटलं, रोजच्यासारखी ऑफिसातून आली. मी तिला सगळं सांगितलं, आणि तिने पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं."

ज्या बाईला मी भोळी समजत होते, डॉक्टरकीपायी पोरीचा जीव घेणारी समजत होते, ती उन्हात दोन तास उभी होती. आणि सहा वर्षं ज्या कामाचे मी गोडवे गातेय ते तिने कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय केलं होतं.

मी विचारलं, "मग ती आत का नाही आली? तुझ्याजवळ?"

"मी पण हेच विचारलं तिला," तन्वी म्हणाली. "तर म्हणाली, तू कुणाला तरी काहीतरी सांगत होतीस गं. मी मधे कशाला येऊ?"